डॉक्टर होणाऱ्या हातातली सिगारेट

प्रवेशाच्या याद्या लागल्या की आपल्या वस्त्यांमधून फलक झळकू लागतात. अमक्याचा मुलगा एमबीबीएसला लागला, तमक्याची मुलगी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेली, असे वाचले की आम्हांलाही आनंद होतो. बाप हमाली करतो, आई चार घरची धुणीभांडी करते आणि लेकरू डॉक्टर होणार, याहून मोठी बातमी वस्तीला कोणती? सत्कार होतो, शाल-नारळ होतो, भाषणे होतात. पुस्तकांचा खर्च किती, वसतिगृहाची फी किती, शिष्यवृत्ती कधी जमा होते, हे सगळे विचारले जाते. एक गोष्ट मात्र कुणी विचारीत नाही. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप संपवून हे लेकरू बाहेर पडेल, तेव्हा त्याच्या खिशात स्टेथोस्कोपबरोबर सिगारेटचे पाकीटही असेल काय?

प्रश्न टोचणारा आहे. पण टाळण्यासारखा नाही, म्हणून आजच्या सदरात तोच घेत आहोत.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या रुग्णांना मोठ्या रुग्णालयात नेणे, केसपेपर काढून देणे, रक्ताच्या बाटलीसाठी धावपळ करणे, एवढीच आमची समाजसेवा. त्या निमित्ताने शहरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या फाटकासमोर अनेक वर्षे उभे राहणे झाले आहे. समोर चहाची टपरी, टपरीला लागून पान-सिगारेटची पेटी. पेटीजवळ कोण उभे असते? एका बाजूला रुग्णांचे नातेवाईक, दुसऱ्या बाजूला पांढरा कोट हातावर टाकलेली विशी-बाविशीतली मुले. रात्रभर वॉर्डात जागून आलेली, डोळे तांबारलेले, एका हातात कटिंग चहा, दुसऱ्या हातात सिगारेट. सगळेच ओढतात असे नाही. बरेच जण ओढत नाहीत. पण जे ओढतात ते सर्वांच्या डोळ्यांवर येतात.

मागे आमच्याबरोबर एक बिगारी कामगार होता. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा पडलेला, तोंड पुरते उघडत नव्हते. आत तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याला तंबाखू सोडायला सांगितले होते. बाहेर आल्यावर टपरीकडे बोट दाखवून तो आम्हांला म्हणाला, “साहेब, तेच वढत्यात की. लई वाईट असतं तर त्यांनी वढली असती का?” आणि त्याने कनवटीची पुडी काढली.

वाचकहो, या एका वाक्यात आजचा सगळा विषय आला. आत दिलेला सल्ला बाहेरच्या झुरक्याने पुसून टाकला. डॉक्टरची सिगारेट त्याच्या एकट्याच्या फुप्फुसाशी थांबत नाही, ती रुग्णाच्या हातात पुडी ठेवते.

माहीत असून का?

पहिली शंका अशी येते की, ज्यांना शरीराची नस न् नस शिकवतात, त्यांनीच हे का करावे? आम्ही त्या टपरीवर एका इंटर्नशी बोललो. मराठवाड्यातल्या खेड्यातला मुलगा, वडील ऊसतोडीला जाणारे. आम्ही त्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हटले तर लाजला. म्हणाला, “काका, कॉलेजात आलो तेव्हा सुपारीचं व्यसन नव्हतं मला. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या हॉलमधून बाहेर आलो की तो वास नाकातून जात नसे. सीनियर म्हणाले, एक ओढ, जाईल. मग परीक्षेच्या रात्री. मग ड्युटी. आता चोवीस तासांची ड्युटी असली की पाच होतात.”

“आणि सोडणार कधी?”

“इंटर्नशिप संपली की सोडणार.”

त्याच्याशेजारचा हसला. तो पुढच्या परीक्षेच्या तयारीला लागला होता आणि त्याने स्वतःसाठी ‘पीजी झाल्यावर’ अशी तारीख ठरवली होती.

आपल्या देशातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांतूनही साधारण हेच चित्र पुढे येते. मुलींपेक्षा मुलांत प्रमाण बरेच जास्त. कारणे विचारली तर मित्रांची संगत, अभ्यासाचा ताण, कुतूहल. आणि तंबाखूने काय होते हे बहुतेकांना पाठ असते. म्हणजे माहिती कमी पडली म्हणून सवय लागली, असे मुळीच नाही.

मग हे ताण जाणे म्हणजे काय, तेही समजून घेऊ. धूर छातीत गेला की काही सेकंदांतच निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूला त्याची सवय झाली की ते उतरू लागताच माणूस चिडतो, लक्ष लागत नाही, हात थरथरतो. पुढची सिगारेट ती बेचैनी घालवते. विद्यार्थ्याला वाटते, अभ्यासाचा ताण गेला. खरे पाहता आधीच्या सिगारेटने लावलेली तहान पुढच्या सिगारेटने भागवली. अभ्यास होता तेवढाच शिल्लक राहिला. सावकाराकडून पैसे काढून त्याच सावकाराचे व्याज भरण्यासारखा हा व्यवहार आहे.

एकाच झाडाची पाने

त्या पोरांशी बोलताना एक गोष्ट आम्हांला खटकली. रुग्णाच्या तोंडात तंबाखूचा बार दिसला की हेच शिकाऊ डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात. “ही माणसं ऐकतच नाहीत,” म्हणतात. म्हणजे मजुराची तंबाखू हा अडाणीपणा आणि यांची सिगारेट हे ‘टेन्शन’. मजूर बारा तास उन्हात पाटी वाहतो, त्याला टेन्शन नसते काय? विडी, सिगारेट, गुटखा, मशेरी, विदर्भातला खर्रा, हा सगळा एकाच झाडाच्या पानांचा धंदा. फरक कागदाचा आणि किमतीचा.

हुक्का आणि ई-सिगारेट ही आणखी नवी सोंगे. ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने देशभर बंदी आहे. तरीही ‘यात तंबाखू नसते, नुसती वाफ असते’ असे सांगून ती विद्यार्थ्यांच्या हाती दिली जाते. वाफेतही बहुधा निकोटीन असते, आणि जखडणारा दोर निकोटीनच आहे.

एक विद्यार्थी आणि त्याचे गुरुजी

वैद्यकीय विद्यार्थी आणि तंबाखू यांचा इतिहास काढला, तर तो लाजिरवाणा नाही. उलट या शत्रूला ओळखणाऱ्यांत एक वैद्यकीय विद्यार्थीच पुढे होता.

अमेरिकेत सेंट लुईस येथे इव्हार्ट्स ग्रॅहम नावाचे मोठे सर्जन होते. १९३३ साली त्यांनी कर्करोग झालेल्या रुग्णाचे एक संपूर्ण फुप्फुस काढून त्याचा जीव वाचवला. अशी शस्त्रक्रिया यशस्वी होण्याची ती पहिली वेळ होती. रुग्ण स्वतः डॉक्टर होता, बाळंतपणे करणारा. ग्रॅहम स्वतः दिवसभर सिगारेट ओढीत. त्यांच्याच महाविद्यालयात अर्न्स्ट विंडर नावाचा विद्यार्थी होता. त्याच्या मनात आले की, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना त्यांच्या सिगारेटचा हिशेब विचारून पाहावा. गुरुजींना ही कल्पना पटली नव्हती. पण त्यांनी विद्यार्थ्याला अडवले नाही. दोघांनी मिळून ६८४ रुग्णांचा अभ्यास १९५० साली प्रसिद्ध केला. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध त्यातून स्पष्ट झाला. पुरावा डोळ्यांसमोर आल्यावर ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली. परंतु फार उशीर झाला होता. १९५७ साली ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. ज्या रुग्णाचे फुप्फुस त्यांनी काढले होते, तो त्यांच्यानंतरही जगला आणि १९६३ साली वारला.

त्याच १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनीही असाच निष्कर्ष काढला. डॉल स्वतः धूम्रपान करीत, आकडे पाहून त्यांनी ते सोडले. पुढे १९५१ साली या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रे पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या. चाळीस हजारांच्या आसपास डॉक्टरांनी उत्तरे दिली. त्यांतल्या पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढे पन्नास वर्षे घेतला गेला. २००४ साली जो हिशेब प्रसिद्ध झाला तो असा: आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षे आधी जातो. साठाव्या वर्षी सोडली तर तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडली तर जवळजवळ दहाच्या दहा.

हे आकडे डॉक्टरांच्याच मरणांवरून काढलेले आहेत. आणि हे आकडे येऊ लागल्यावर ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी सामान्य जनतेच्या आधी सिगारेट सोडायला सुरुवात केली. माहिती डोक्यातून हातापर्यंत उतरू शकते, याचा हा पुरावा आहे. आमच्या टपरीवरचा इंटर्न चोविशीचा आहे. त्याने आज सोडली तर त्याचे नुकसान जवळजवळ शून्य.

शिकवले जाते ते आणि राहून जाते ते

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालचा तंबाखूविरोधी दिन आरोग्य व्यावसायिकांसाठीच ठेवला होता. त्याच सुमारास अनेक देशांत वैद्यकीय, दंतवैद्यकीय, परिचर्या आणि औषधनिर्माण शास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी सुरू झाली. भारतही त्यात होता. दोन गोष्टी ठिकठिकाणी सारख्या निघाल्या. रुग्णाला तंबाखू सोडायला मदत कशी करावी, हे आपल्याला शिकवले पाहिजे, असे बहुतेक विद्यार्थ्यांचे मत होते. प्रत्यक्षात तसे शिक्षण थोड्यांनाच मिळाले होते.

आमचा इंटर्नही हेच म्हणाला. “काका, कॅन्सरची स्टेज मी झोपेत सांगीन. पण पेशंटला तंबाखू सोड म्हटल्यावर तो ‘सुटत नाही’ म्हणाला, तर पुढचं वाक्य काय बोलायचं, ते मला कुणी शिकवलं नाही.” आणि थोडे थांबून म्हणाला, “स्वतः ओढून आल्यावर बोलायला जीभही होत नाही.”

हे पुढचे वाक्य फार अवघड नाही. जगभर पाच पायऱ्या सांगितल्या जातात. तंबाखू घेता का, हे प्रत्येक रुग्णाला विचारा. सोडण्याचा स्पष्ट सल्ला द्या. त्याची तयारी किती आहे ते पाहा. तारीख ठरवायला आणि औषध-समुपदेशनाला मदत करा. आणि पुन्हा भेटायला बोलवा. तीन मिनिटांचे काम.

या तीन मिनिटांची किंमत आम्ही कारकुनी पद्धतीने मांडून पाहिली. धूम्रपानाच्या बाबतीत असे आढळले आहे की, शंभरांतले दोन-तीन जण आपण होऊन सोडतात. डॉक्टरने थोडक्यात सल्ला दिला तर त्यात एक ते तीन जणांची भर पडते. एवढीच? होय, एवढीच. पण हिशेब पुढे न्या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. म्हणजे दिवसाला ४० प्रौढ रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरपुढे सुमारे १० तंबाखूवाले येतात. वर्षाच्या ३०० दिवसांत ३,०००. तेच रुग्ण पुन्हा येतात म्हणून निम्मे धरू, १,५००. शंभरांत एकच सुटला असे मानले तरी वर्षाला १५ माणसे. तीस वर्षांच्या सेवेत ४५०. एका डॉक्टरच्या तीन-तीन मिनिटांवर आपल्या एखाद्या मोठ्या चाळीएवढी माणसे उभी आहेत. देशात दरवर्षी साडेतेरा लाखांच्या आसपास माणसे तंबाखूने मरतात, तेव्हा ही चाळ लहान नाही.

त्याच पाहणीतला आणखी एक आकडा डॉक्टर होणाऱ्यांनी वहीत लिहून ठेवावा. महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे होते ३.८ टक्के, तर खाणारे-लावणारे २४.४ टक्के. बायकांमध्येही शंभरांत सोळा-सतरा जणी यात होत्या. “स्मोकिंग करता का?” असे विचारले तर आपली मावशी ‘नाही’ म्हणेल आणि ते खरेच असेल. तिला विचारायला हवे, “मावशी, मशेरी लावता का?” हा शब्द ज्याच्या घरातला आहे, त्यालाच तो विचारायला सुचेल. वस्तीतून गेलेल्या विद्यार्थ्याचे हे बळ आहे. शहरी डॉक्टरला जे पुस्तकात सापडत नाही, ते याने आजीच्या मांडीवर बसून पाहिले आहे.

घरातली बाजू

आता थोडे आई-वडिलांशी. मुलाला बोलण्याआधी घराकडे पाहू. लहानपणी ‘जा रे, टपरीवरून विडीचं बंडल आण’ म्हणून त्याला कुणी पाठवले? अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण आणायला पाठवणारे आपणच असतो. वडिलांच्या चंचीला हात लावत लावतच पुष्कळ मुले मोठी होतात.

मुलगा सुट्टीवर आला आणि त्याच्या शर्टाला वास आला, तर बाप एकदम ओरडतो, “याच्यासाठी पाठवलं का तुला?” मुलगा वर मान न करता बाहेर जातो आणि बाहेर आणखी एक पेटवतो. त्याऐवजी आईने जेवताना जवळ बसून विचारावे, “बाळा, रात्रीची ड्युटी फार असते का रे? झोप मिळते का?” उत्तर आपोआप निघेल. आणि बापाने स्वतःची डबी पुढे करून म्हणावे, “तू डॉक्टर. माझी कशी सोडवायची सांग. आपण दोघं मिळून सोडू.” मुलाला यासारखी शिकवणी कोणत्याही महाविद्यालयात मिळणार नाही.

पैशाचाही हिशेब सांगावा. एक सिगारेट १५ रुपयांची धरली, दिवसाला पाच, तर रोजचे ७५ रुपये, महिन्याचे २,२५० आणि वर्षाचे २७,०००. साडेपाच वर्षांत १ लाख ४८ हजार ५०० रुपये. हमाली करणाऱ्या बापाला हा आकडा कळला तर त्याच्या छातीत कळ येईल.

महाविद्यालयांनाही जबाबदारी झटकता येणार नाही. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर बंदी आहे आणि रुग्णालय हे सार्वजनिक ठिकाणच आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. कायदा कागदावर असतो, पेटी फाटकासमोर असते. ती हलवण्यासाठी विद्यार्थी संघटनांनी अधिष्ठात्यांकडे एक अर्ज द्यायला काय हरकत आहे? आणि चोवीस-चोवीस तासांच्या ड्युट्या, झोपायला धड खोली नाही, मन मोकळे करायला कुणी नाही, हे तसेच ठेवून नुसते ‘सिगारेट सोडा’ म्हणणे अर्धवट आहे. रॅगिंगला आपल्या राज्यात १९९९ च्या कायद्याने बंदी आहे. नव्या मुलाच्या हातात जबरदस्तीने सिगारेट देणारा सीनियर तोच गुन्हा करतो, हे पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे.

सोडू पाहणाऱ्याने एकट्याने झुंजू नये. १८००-११-२३५६ हा शासनाचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगम व इतर औषधे घेता येतात. सोडल्यावर पहिले काही दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप बिघडते. मग ती ओसरते. एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. पुन्हा एखादी ओढली गेली तर सगळे संपले असे मानू नये. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करावे. पुष्कळांची दोन-तीन वेळा प्रयत्न केल्यावरच सुटते.

शेवटी वस्तीच्या मंडळांना आमची एक विनंती आहे. यंदा वैद्यकीयला गेलेल्या मुला-मुलींचे सत्कार ठेवाल, तेव्हा पाहुण्यांपुढे पान-तंबाखूचे ताट ठेवू नका. हार-तुरे झाले की त्या मुलाला किंवा मुलीला दहा मिनिटे द्या आणि तंबाखूवर बोलायला सांगा. आपल्या शब्दांत, आपल्या भाषेत. ज्याने वस्तीसमोर उभे राहून हे सांगितले, त्याला वसतिगृहात सीनियरने पुढे केलेली पहिली सिगारेट नाकारणे थोडे सोपे जाईल. आणि ज्याने ती आधीच घेतली आहे, त्याला परत कधी थांबायचे याची तारीख ठरवायला इंटर्नशिप संपण्याची वाट पाहावी लागणार नाही.